सिडनीहून कल्याणला आलेल्या बत्तीस तबकड्या

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमाच्या दुसऱ्या संध्याकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



मी काही वक्ता नाही. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे हातात खडू नसला की बोलताना चाचपडतो. सांस्कृतिक समितीच्या ताईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "रेडिओ खगोलशास्त्रातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य." ताई थोडा वेळ गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, "चालेल सर, पण पंचवीस मिनिटांत संपवा. नंतर ऑर्केस्ट्रा आहे."

विषयाचं नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या गावची आहे. आधी एक कबुली देतो. ही गोष्ट मला माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांत माहीत नव्हती. कल्याणात राहून, कल्याणच्याच मुलांना पदार्थविज्ञान शिकवून माहीत नव्हती. ती मला कळली सिडनीत.

माझा मुलगा सिडनीला असतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. तो तिकडे गेला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो, हेही ए विंगच्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना ठाऊक असेल, कारण माझा आवाज शिक्षकाचा आहे. "इथे शिकलास, इथल्या लोकांच्या पैशावर शिकलास आणि कामाला मात्र तिकडे," असं मी बरंच काही बोललो. तो काही बोलला नाही, पण नंतर चार-पाच वर्षं आमचं फोनवरचं बोलणं "जेवलास का" आणि "तब्येत कशी आहे" एवढ्यावरच राहिलं. बाकीचं सगळं त्याच्या आईशी.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडे गेलो. तिथे दिवसभर करायचं काय? मी जवळच्या वाचनालयात जाऊन बसायला लागलो. एक दिवस ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या इतिहासावरचं एक पुस्तक हाताला लागलं. चाळता चाळता एका पानावर एक शब्द दिसला आणि मी चष्मा पुसला. तो शब्द होता ‘कल्याण’.

गोष्ट अशी आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सिडनीत रडारवर काम करणारे बरेच हुशार शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर होते. युद्ध संपल्यावर त्यांनी तीच विद्या आकाशाकडे वळवली. सूर्य, तारे, दीर्घिका यांच्याकडून प्रकाश येतो तशा रेडिओ लहरीही येतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण अँटेनाला कळतात. जोसेफ पॉझी या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सिडनीचा हा गट जगात पहिल्या रांगेत जाऊन बसला. १९५२ मध्ये सिडनीत रेडिओ विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन गेले होते. तिथलं काम पाहून ते भारावून परत आले आणि आपल्या प्रयोगशाळेतल्या एका तरुणाला त्यांनी ते सांगितलं. त्या तरुणाचं नाव गोविंद स्वरूप. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५३ मध्ये, कोलंबो योजनेतली शिष्यवृत्ती घेऊन चोवीस वर्षांचे स्वरूप सिडनीला पोचले.

सिडनीच्या उपनगरात पॉट्स हिल नावाचा पाणीपुरवठ्याचा मोठा जलाशय आहे. त्याच्या काठाने ख्रिस क्रिस्टियनसेन या शास्त्रज्ञाने बत्तीस तबकड्या ओळीने उभ्या केल्या होत्या. प्रत्येक तबकडी सहा फुटांची, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी. त्या सगळ्या मिळून सूर्याकडे बघत.

आता बालमित्रांसाठी एक प्रश्न. एक मोठी तबकडी करायची सोडून बत्तीस लहान कशाला? रात्री आपल्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली, तर ती कोणत्या बाजूने आली ते डोळे मिटूनही कळतं. कसं? एका कानाला आवाज कणभर आधी पोचतो आणि दुसऱ्याला कणभर नंतर. मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा सांगतो. आता समजा, आपला एक कान ए विंगच्या गच्चीवर आणि दुसरा सी विंगच्या गच्चीवर ठेवता आला. मग फरक वाढेल, आणि शिट्टी कोणत्या घरातली तेही अचूक सांगता येईल. रेडिओ दुर्बिणीचं तत्त्व हेच. कान जितके लांब, तितकं चित्र बारीक. अट एकच, सगळ्या कानांनी एकाच घड्याळावर ऐकायचं आणि ऐकलेलं एकत्र आणायचं. एकाने जरी आपलं ऐकलेलं स्वतःपाशी ठेवलं, तरी चित्रात भोक पडतं.

सिडनीत स्वरूपांनी आर. पार्थसारथी या दुसऱ्या भारतीय सहकाऱ्याबरोबर याच तबकड्या वेगळ्या लहरींसाठी बदलून घेतल्या आणि सूर्याची निरीक्षणं केली. तेवढ्यात क्रिस्टियनसेन दुसऱ्या जागी नवी, मोठी रचना उभारायला निघाले. जुन्या तबकड्या आता भंगारात जाणार होत्या. स्वरूपांनी पॉझींना विचारलं, या भारताला देता येतील का? पॉझी तयार झाले, त्यांची संस्थाही तयार झाली. कृष्णन तर तयार होतेच.

मग गाडी कुठे अडली असेल? आपल्या सोसायटीत जिथे अडते तिथेच. ने-आणीचा खर्च कोणी करायचा! आपल्याकडे तेव्हा परकीय चलनाची ओढाताण होती. पत्रापत्री चालू राहिली. स्वरूप १९५५ मध्ये भारतात परत आले, तबकड्यांची वाट पाहिली आणि १९५६ मध्ये पुढच्या कामासाठी अमेरिकेला गेले. तबकड्या अखेर दिल्लीला पोचल्या तेव्हा त्यांना लावणारा माणूसच इथे नव्हता.

आमच्या भांडणाचा विषय आता येतो. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीयांनी, म्हणजे गोविंद स्वरूप, मुकुल कुंडू, टी. के. मेनन आणि टी. कृष्णन यांनी, मिळून भारतातल्या काही मोठ्या संस्थांना पत्र लिहिलं. मजकूर थोडक्यात असा : आम्ही परत यायला तयार आहोत, रेडिओ खगोलशास्त्राचा एक गट भारतात उभा करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी परदेशातल्या जाणत्या खगोलशास्त्रज्ञांची मतं मागवली आणि १९६२ च्या जानेवारीत होकाराची तार केली. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईत रुजू झाले. त्यांनी सर्वांत आधी जे केलं त्यात दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या मागवून घेणं हे एक होतं.

आणि १९६५ मध्ये त्या बत्तीस तबकड्या उभ्या राहिल्या आपल्या कल्याणजवळ. चोवीस पूर्व-पश्चिम आणि आठ दक्षिण-उत्तर. भारतातली ही आद्य रेडिओ दुर्बिणींपैकी एक. ती सूर्याचं निरीक्षण करायची. सूर्य शांत असताना त्याच्या कडा रेडिओ लहरींत मध्यापेक्षा जास्त उजळ दिसतात, हे तिने दाखवलं. तरुण मुलं तिच्यावर हात बसवून शिकली आणि तीच पुढे मोठ्या दुर्बिणी बांधायला गेली. तीन-चार वर्षांत कल्याणचं काम संपलं.

ज्या पॉझींनी तबकड्या दिल्या, ते १९६२ च्या नोव्हेंबरमध्येच गेले. आपण दिलेली वस्तू कल्याणात उभी राहिलेली त्यांनी पाहिली नाही.

मी त्या वाचनालयात बराच वेळ बसून राहिलो. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "पॉट्स हिल कुठे आहे रे?" किती तरी वर्षांनी मी त्याला तब्येत आणि जेवण सोडून काहीतरी विचारलं होतं. रविवारी तो मला तिकडे घेऊन गेला. पाहण्यासारखं काही नाही. जलाशय आहे, कुंपण आहे, आजूबाजूला वस्ती आहे. आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहिलो. मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाबा, ते चौघं परत यायला तयार होते. मग चौघेही तिथेच राहिले का?"

हा प्रश्न मी वाचताना सोयीने टाळला होता. चौघांपैकी इथेच कायमचे राहिले ते स्वरूप. कुंडू आणि मेनन इथे आले, काही वर्षं मनापासून काम केलं आणि पुन्हा बाहेर गेले. मी त्याला खरं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे गेलेल्यांचंही काम त्यात होतंच की." मी उत्तर दिलं नाही. परतीच्या वाटेवर त्याने गाडीत एसी वाढवला आणि मी तो कमी करायला सांगितला. इतकं साधं बोलणंही आमच्यात बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

तबकड्यांकडे परत येतो. कल्याणनंतर १९७० मध्ये उटीला मोठी दुर्बीण झाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. ती डोंगराच्या उतारावर अशी बसवली आहे की तो उतार तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे अकरा अंशांचा आहे. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, आणि ती एकाच दिशेने फिरवत ग्रह-तारे तासन्‌तास धरून ठेवता येऊ लागले. नंतर स्वरूपांनी याहून कितीतरी मोठी दुर्बीण विषुववृत्तावर, केनियासारख्या देशात, विकसनशील देशांनी मिळून उभारावी असा प्रस्ताव मांडला. तिला पैसा मिळाला नाही. सहकार्याच्या सगळ्याच कल्पना पार पडत नाहीत, हेही सांगायला हवं. पण त्या धडपडीतून पुढची कल्पना निघाली.

ती म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातली, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. तीस तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. आपल्या सात मजली इमारतीवर तशीच दुसरी इमारत ठेवली, तर तबकडीच्या व्यासाएवढी उंची होईल. त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत आणि सोळा तीन फाट्यांवर लांबवर पसरल्या आहेत, पार पंचवीस किलोमीटरपर्यंत. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि वारा दोन्ही झेपले नसते, खर्चही झेपला नसता. म्हणून स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरखंडासारख्या तारा ताणून त्यांवर बारीक स्टीलची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो. मीटरभर लांबीच्या लहरींना मात्र ती जाळी भरीव भिंतीसारखीच वाटते.

मुलांनो, एक गणित सोडवा. सिडनीहून आलेली तबकडी सहा फुटांची, म्हणजे सुमारे १.८ मीटरची. खोडदची ४५ मीटरची. किती पट? बरोबर, पंचवीस पट. रौप्यमहोत्सवाला याहून चांगलं गणित मला सापडलं नाही.

४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते जीएमआरटी देशाला अर्पण झाली. म्हणजे ती आपल्या सोसायटीच्या जवळजवळ बरोबरीची आहे. आपण लिफ्ट बंद पडण्याच्या तक्रारी करत होतो, तेव्हा ती विश्वातलं काहीबाही ऐकायला लागली होती.

जीएमआरटी देशाच्या पैशाने बांधली, तरी ती जगाला खुली आहे. तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ हवा असेल, तर कुठल्याही देशाच्या शास्त्रज्ञाने अर्ज करायचा. अर्जातला प्रश्न किती मोलाचा आहे ते पाहून वेळ मिळतो, पासपोर्ट पाहून नाही. तीसहून जास्त देशांतल्या लोकांनी तिचा वापर केला आहे.

गेल्या आठवड्यात गच्चीवर मी ही तयारी करत होतो, तेव्हा बी विंगमधले एक काका म्हणाले, "सर, हे सगळं ठीक आहे. पण आपण बांधायचं आणि वापरायचं परक्यांनी, यात आपल्याला काय मिळतं?" प्रश्न रास्त आहे. मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

सोपं उत्तर आधी देतो. आपल्या प्रत्येक घरात वायफाय आहे. त्यातला एक महत्त्वाचा भाग सिडनीच्या त्याच संस्थेतल्या जॉन ओ’सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात शोधला. ओ’सुलिव्हन रेडिओ खगोलशास्त्रातले. आकाशातल्या अंधुक लहरी शोधताना जी विद्या कमावली, ती भिंतींवर आपटून विस्कटलेला संदेश नीट करायला कामी आली. पण तबकड्या देताना पॉझींच्या डोक्यात वायफाय नव्हतं. म्हणून हे पुरेसं उत्तर नाही.

दुसरं उत्तर १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्रीचं. त्या दिवशी युरोपचं ‘स्कियापारेल्ली’ नावाचं यान मंगळावर उतरणार होतं. त्याचा लहानसा ट्रान्समीटर फक्त मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू जावा एवढ्याच ताकदीचा होता. तरी तो पृथ्वीवरून थेट ऐकायचं ठरलं आणि ते काम मिळालं खोडदला. त्यासाठी अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे लोक आपली उपकरणं घेऊन इथे आले होते. यान युरोपचं, उपकरण अमेरिकेचं, कान आपले. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजून गेले होते. कोट्यवधी किलोमीटरवरून तो बारीक सूर ऐकू आला. यान मंगळाच्या वातावरणात शिरलं तेही कळलं. आणि उतरायच्या वेळेच्या मिनिटभरच आधी तो सूर थांबला. यान आपटलं होतं. दिशा-गती मोजणाऱ्या यंत्राच्या चुकीच्या आकड्यांमुळे यानाच्या संगणकाला वाटलं की आपण जमिनीवर पोचलो, प्रत्यक्षात ते जवळपास पावणेचार किलोमीटर उंचावर होतं. म्हणजे त्या रात्री आपल्या दुर्बिणीने युरोपला यश कळवलं नाही. सूर नेमका कधी थांबला, एवढंच कळवलं. कठीण प्रसंगी शेजारी जे करतो तेच.

तिसरं उत्तर मला सर्वांत आवडतं. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा. काही पल्सार सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका देतात. निसर्गाची ही नेमकी घड्याळं. विश्वात प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतात तेव्हा अवकाशालाच लहरी येतात, आणि त्यामुळे या ठोक्यांची वेळ किंचित पुढे-मागे होते. पण ती एकेक लहर जायला काही वर्षं लागतात. एका रात्रीत, एका दुर्बिणीला ती कळणारच नाही. म्हणून जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स आणि इटली यांच्या दुर्बिणींनी पंचवीस पल्सारांचे ठोके सुमारे पंचवीस वर्षं मोजले. मधल्या आकाशातल्या विरळ वायूमुळे ठोक्यांना जो उशीर होतो, तो नीट ओळखायला लांब तरंगांची निरीक्षणं लागतात. ती आपल्या जीएमआरटीने दिली. त्या गटात भारतीयांबरोबर जपानी शास्त्रज्ञही आहेत. २९ जून २०२३ रोजी निष्कर्ष जाहीर झाला : अशा लहरींच्या खुणा दिसत आहेत. त्याच वेळी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनी आपापली निरीक्षणं मांडली आणि ती एकमेकांशी जुळत होती.

पंचवीस वर्षं! पहिल्या वर्षी ठोके मोजणाऱ्याला माहीत होतं की उत्तर कदाचित आपल्या नोकरीत मिळणार नाही. तरी त्याने नोंद नीट ठेवली, पुढच्याला वाचता येईल अशी ठेवली.

काका, आता तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. आपण सगळे दर महिन्याला सिंकिंग फंड भरतो. त्यातून गेल्या पंचवीस वर्षांत तुमच्या-माझ्या घरात काय आलं? काही नाही. पण इमारतीची मोठी दुरुस्ती निघेल, तेव्हा तो पैसा उभा राहील. तेव्हा इथे कदाचित आपण नसू, आपली नातवंडं असतील, किंवा फ्लॅट विकला गेला असेल तर अगदी अनोळखी कुटुंब असेल. तरी आपण भरतो, कारण आपण राहायला आलो तेव्हाही कोणीतरी आधी काहीतरी भरून ठेवलेलं होतं. विज्ञानातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य मला याच हिशेबाचं वाटतं. पॉझींनी भरलं, ते कल्याणला मिळालं. कल्याणने भरलं, ते उटीला आणि खोडदला मिळालं. खोडद भरतं आहे, ते कुठल्या देशातल्या कुठल्या मुलीला मिळेल, सांगता येत नाही.

आणि आता तर पुढचा हप्ता चालू झाला आहे. ‘स्क्वेअर किलोमीटर अरे’ नावाची जगातली सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण दोन ठिकाणी बांधली जात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात १९७ तबकड्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात लहान झाडांसारख्या दिसणाऱ्या १,३१,०७२ अँटेना. मुख्यालय इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँकला. भारत सरकारने यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. ती दुर्बीण चालवणाऱ्या, तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची मोठी जबाबदारी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. म्हणजे हजारो किलोमीटरवरच्या तबकड्यांना कुठे वळायचं ते सांगणारी आज्ञावली आपल्या पुण्यात लिहिली जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातली ती जमीन वाजारी यामाजी या मूळनिवासी लोकांची. त्यांनी त्या जागेला आपल्या भाषेत नाव दिलं, ‘इन्यारिमान्हा इल्गारी बुंदारा’. अर्थ आहे, आकाश आणि तारे वाटून घेणं.

ही दुर्बीण एवढ्या निर्जन जागी का? कारण माणसांचा रेडिओ गोंगाट. आपला एखादा मोबाइल चंद्रावर ठेवला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत झगझगीत वस्तूंपैकी एक वाटेल. इतक्या क्षीण लहरी हे लोक ऐकतात. आपल्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवरून जी विशेष सर्वसाधारण सभा झाली, तिचा विषय मी आज काढणार नाही. पण खोडदच्या परिसरात उद्योग, वस्ती आणि मोबाइल वाढत असताना ही शांतता राखणं हे तिथल्या लोकांच्या रोजच्या समंजसपणाशिवाय होत नाही. या सहकार्यात जुन्नर तालुक्यातले शेतकरीही आहेत, फक्त त्यांचं नाव शोधनिबंधावर येत नाही.

गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी गेले. ते दिवस करोनाचे होते. बातमी वाचून मी सिडनीला फोन लावला. मुलाने ती आधीच वाचली होती. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. तो परत आलेला नाही, बहुधा येणारही नाही. मला अजूनही वाईट वाटतं, ते लपवत नाही. या सभागृहात माझ्यासारखी आणखी कितीतरी घरं आहेत, ज्यांच्या दारावर मुलांची नावं आहेत आणि खोल्या बंद आहेत. "मुलं गेली ते बरंच झालं," असं मी म्हणणार नाही, आणि "त्यांनी परत यायलाच हवं," असंही आता म्हणत नाही. तबकड्यांच्या गोष्टीतून मी एवढंच शिकलो की जाणाऱ्याने आणि राहणाऱ्याने एकमेकांना ऐकणं बंद करू नये. लांब असलेले कान जोडलेले राहिले, तरच त्या अंतराचा उपयोग होतो. नाहीतर ते नुसतंच अंतर.

शेवटी कमिटीला एक विनंती. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. शाळांची मुलं आपले प्रयोग घेऊन येतात. येत्या वर्षी आपल्या सोसायटीतल्या मुलांना तिथे न्यावं. माझी मुलाशी परवा बोलताना ही गोष्ट निघाली, तर तो लगेच म्हणाला, "बाबा, बसचे पैसे मी पाठवतो." मी त्याला म्हटलं, "अरे, ने-आणीचा खर्च कोणी करायचा यावरूनच त्या तबकड्या अडकून पडल्या होत्या. आपण वाद घालायला नको. अर्धे तू दे, अर्धे सोसायटी देईल." सेक्रेटरीसाहेब, आता सर्वांसमोर बोलून बसलो आहे, सांभाळून घ्या.

आणि मुलांनो, तिथे गेल्यावर त्या प्रचंड जाळीखाली उभं राहून वर बघा. मग घरी येऊन आजी-आजोबांना सांगा, की याची सुरुवात आपल्या कल्याणला झाली होती. सहा फुटांच्या, जुन्या, कुणीतरी दिलेल्या तबकड्यांपासून. मला ते सांगायला एकतीस वर्षं उशीर झाला. तुम्ही करू नका.

ऑर्केस्ट्रावाले घड्याळ दाखवताहेत.